सत्तावीस रेघा

१

केशरबाईला विहिरीतून वर काढलं तेव्हा तिच्या मुठीत तांब्याचा काठ घट्ट धरलेला होता. तांब्यात गाळ होता, पाणी नव्हतं.

कवडवस्तीच्या त्या विहिरीचे झरे होळीच्या आधीच आटले होते. शिरूर कासारच्या पलीकडच्या तलावातून दूध सोसायटीचे तीन टँकर पाणी आणायचे. ते विहिरीशेजारच्या हौदात ओतायचं, हौदातून विहिरीत सोडायचं आणि सगळ्या खेपा झाल्या की बायांनी दोर टाकून शेंदायचं, अशी रीत होती. त्या दिवशी केशरचा नंबर येईपर्यंत तळाला डबकं उरलं. घरी लहान मुलगी तापानं फणफणलेली. केशर तांब्या घेऊन भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत खाली उतरली. वर येताना कडी उपसून हातात आली.

तिची नणंद अंजना बीडला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना गणित शिकवायची. निरोप मिळाला तशी ती एसटीनं आली. वहिनीचं तोंड तिला बघायला मिळालं, एवढंच. दहावा व्हायच्या आत वस्तीनं गुन्हेगारही ठरवून टाकला होता.

वस्तीचं म्हणणं असं. विहिरीच्या आतल्या भिंतीवर सोसायटीनं पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, चार बोटांवर एक. एक रेघ म्हणजे हजार लिटर पाणी. टँकर दहा हजारांचा. तलावावर तहसीलचा माणूस तो काठोकाठ भरल्याशिवाय सोडत नाही. मग तीन टँकरांच्या एका फेरीला विहिरीत तीस रेघा पाणी यायला हवं. येत होतं सत्तावीस. इतके दिवस लोक म्हणायचे, हौद झिरपतो, उन्हानं उडतं. केशर गेली आणि त्या तीन रेघा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्या असत्या तर केशरला खाली उतरावं लागलं नसतं.

तीन टँकरांचे तीन ड्रायव्हर. केशरचा नवरा, म्हणजे अंजनाचा भाऊ बंकट. दुसरा मुंजाजी. तिसरा सटवा, वस्तीबाहेरच्या धनगराच्या पालातला. बाकीच्यांची जनावरं मरत होती किंवा छावणीत गेली होती, सटवाची मेंढरं मात्र चालतीफिरती होती. लोकांना एवढं पुरलं. त्यांनी त्याला गाडीतून खाली ओढून इतकं मारलं की पोलिसांनीच त्याला उचलून शिरूरला नेलं. तिन्ही टँकरही ठाण्याच्या आवारात नेऊन लावले. आता बैलगाडीवरून दोन टाक्या यायच्या, आणि त्यातलं थेंबभरही सटवाच्या घराला द्यायचं नाही असं ठरलं होतं.

दुपारी सटवाची आई सारजाबाई अंजनाच्या दारात येऊन बसली. उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात.

"अंजा, तुज्या घरात मयत झाल्यालं. म्या यायला नगं होतं," ती म्हणाली. "पर उद्या सोसायटीची सभा हाय. सटव्याचं नाव पोलिसाला लिहून देणार हायेत. एकदा लिवलं की मिटलं. तू पोरास्नी आकडे शिकवतीस. त्यानं पाणी चोरलं का न्हाई, तेवढं आकड्यातून काढून दे."

आतून आई वच्छलाबाईचा आवाज आला. "तिला जा म्हणावं. माजी सून खाल्ली तिच्या पोरानं."

सारजाबाई हलली नाही. तिचे ओठ उकलून रक्ताळले होते. "चोरलं असंल तर मीच सांगंन फासावर द्या म्हनून," ती म्हणाली. "पर चोरलं नसंल तर?"

अंजनाला तिची दया आली असं नाही. त्या दिवसांत तिच्यात दयेला जागाच नव्हती. पण माणूस चुकीचा धरला गेला तर खरा आपल्याच विहिरीवर पाणी भरत राहील, हा विचार तिला सोडेना. तिनं चपला घातल्या.

२

सोसायटीच्या ऑफिसात दुधाचे रिकामे कॅन भिंतीला उपडे घातले होते. सचिव धर्मराज एकटाच बसला होता. बी.एस्सी. झालेला, नीट बोलणारा माणूस. टँकरांच्या पाळ्या तोच लावायचा. चेअरमन विठ्ठलराव सही करायचे, बाकी सगळं धर्मराज बघायचा.

"या मॅडम. वहिनींचं फार वाईट झालं," तो म्हणाला.

"भाऊ, टँकर कसे चालतात ते मला नीट सांगा."

"अगदी साधं आहे. तिघांच्या खेपा सारख्या. रोज दोन-दोन, बाजाराच्या दिवशी तीन-तीन. एकाची गाडी बिघडली तर तिघंही थांबतात. कोणाला एक खेप जास्त नाही, एक कमी नाही. आणि तिन्ही गाड्या आल्याशिवाय हौदात ओतायचं नाही. एकेक ओतायला लागलो तर बाया तुटून पडतात."

"म्हणजे एकट्या टँकरचं पाणी कधी मोजलंच गेलं नाही?"

"गरज काय? मोजमाप विहिरीत होतंच." त्यानं चष्मा पुसला. "आकड्यांनी बघायचं तर तिघांच्या नऊ-नऊ रेघा धराव्या लागतील. पण लोक डोळ्यांनी बघतात. मेंढरं कशावर जगली, हे सटवानं सांगावं."

"ती तलावाच्या खालच्या ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाजतात, असं त्याची आई म्हणते."

"आई म्हणणारच."

तिथून अंजना जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. शाळा सुट्टीनं बंद, पण व्हरांड्यातला फळा मोकळा होता. तिनं बंकटच्या टँकरमधून एका खेपेला येणाऱ्या रेघांना 'ब' म्हटलं, सटवाच्या रेघांना 'स', मुंजाजीच्या 'म'. तीन अज्ञात. तीन वेगळी समीकरणं मिळाली की ती मॅट्रिक्समध्ये मांडायची, तिचा इन्व्हर्स काढायचा, उत्तर हातात. हे ती वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आली होती.

रोजचा दिवस: दोन ब, दोन स, दोन म, मिळून चोपन्न रेघा. बाजाराचा दिवस: तीन ब, तीन स, तीन म, मिळून एक्याऐंशी. पहिल्याला दोननं भागलं की सत्तावीस. दुसऱ्याला तीननं भागलं की सत्तावीसच.

तिनं आणखी कुठलाही दिवस घेतला असता तरी तेच आलं असतं. निश्चयक शून्य. अशा मॅट्रिक्सला इन्व्हर्स नसतो. एकाच माणसानं एकच गोष्ट तीनदा सांगितली म्हणून तिचे तीन साक्षीदार होत नाहीत, असं ती वर्गात म्हणायची आणि पोरं हसायची. तिघांनी नऊ-नऊ ओतल्या असतील, किंवा दोघांनी दहा-दहा आणि एकानं सात. या आकड्यांतून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

सारजाबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती. तिला काही विचारायचं धाडस होत नव्हतं.

"मावशी," अंजना म्हणाली, "खेपा कमीजास्त झाल्या असा एकपण दिवस न्हाई का?"

सारजाबाईनं बोटांवर दिवस मोजले. "छबुबाईला इचार. रेघा तीच वरडून सांगती."

३

छबुबाईचं घर विहिरीला लागून. रोज टँकर रिकामे झाले की काठावरून वाकून किती रेघा आल्या ते ती ओरडून सांगायची, आणि त्यावर दर घरामागं किती हंडे ते ठरायचं. त्यामुळं आकडे सगळ्या वस्तीच्या तोंडी असत.

"दोन दिस मोडले," छबुबाई म्हणाली. "एक मुंजाजीच्या पुतणीच्या लग्नाचा. नांदूरघाटला होतं. धर्मराज पण तिकडंच जेवायला. मुंजाजी एकच खेप टाकून गेला. बंकटनं दोन टाकल्या, सटव्यानं तीन. आमी समद्या हौदापशीच होतो. चोपन्न रेघा झाल्या."

"आणि दुसरा?"

"धर्मराज मीटिंगला बीडला गेलता त्यो. त्या दिशी निस्त्या तीस रेघा. एका घराला दोन हंडे बी न्हाई. लई भांडणं झाली. सटव्यानं दोन खेपा टाकल्या, मुंजाजीनं एक."

"बंकटनं?"

छबुबाईनं पदर सावरला. "म्या घरात सयपाकाला गेलते मधी. त्याला इचार बाई."

मुंजाजी आपल्या ओट्यावर बसला होता. सटवाला मारताना तोही गर्दीत होता, हे तो लपवत नव्हता. "माजा टायर फुटला, मी वाटंतच अडकलो," त्यानं सांगितलं. "सकाळी बंकट तलावावर टँकर भरताना दिसलता. पुढचं मला ठावं न्हाई. पर तू हे कावून इचारतीस? तुजी वहिनी मेली अन् तू धनगराची बाजू घेतीस?"

"मी कोणाची बाजू घेत न्हाई, मुंजाभाऊ."

घरी बंकट गोठ्यात बसला होता. गोठा रिकामा, दावी खुंट्याला तशीच. केशर गेल्यापासून त्यानं घास घेतला नव्हता. मुलगी त्याच्या पायाशी गोधडीवर निजली होती. वस्तीनं सटवाला मारलं तेव्हा बंकट आलाच नाही, आणि सगळे म्हणाले, बिचाऱ्याचं काळीज फाटलंय.

"दादा, धर्मराज मीटिंगला गेलता त्या दिवशी तू किती खेपा टाकल्यास?"

"कोणता दिस?"

"विहिरीत तीसच रेघा आल्या तो."

"एक," तो म्हणाला. "मग ब्रेक धरंना, गाडी उभी केली. केशर त्या दिशी बीडला आलती की तुज्याकडं, पोरीला दाखवायला."

अंजनाला तो दिवस आठवला. केशर दवाखान्यातून तिच्या खोलीवर आली होती. पिशवीतून तिनं मोसंबी काढली होती, चांगली रसरशीत. 'खा बाई, बीडात उन्हाचं डोकं चढतं,' म्हणाली होती. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

"एकच?"

"एक म्हणलं ना." त्यानं मान वर केली नाही.

४

आता तिच्याकडं तीन समीकरणं होती आणि तिन्ही वेगळी. तिनं फळ्यावर ओळी मांडल्या.

रोजची फेरी: एक, एक, एक. सत्तावीस.
लग्नाचा दिवस: दोन, तीन, एक. चोपन्न.
मीटिंगचा दिवस: एक, दोन, एक. तीस.

निश्चयक आला एक. इन्व्हर्सला अपूर्णांकसुद्धा येणार नव्हते. परीक्षेत घालावं असं उदाहरण. पण तिसऱ्या ओळीतून पहिली वजा केली तर इन्व्हर्सचीही गरज नव्हती: फक्त एक स उरत होता. तीस वजा सत्तावीस.

तीन.

सटवाच्या दहा हजारांच्या टँकरमधून विहिरीत फक्त तीन रेघा पडत होत्या.

अंजनाच्या हातातला खडू थांबला. पायरीवरून सारजाबाई तिच्या पाठीकडं बघत होती.

"काय आलं गं?"

अंजना फळ्याकडंच तोंड करून उभी राहिली. मागं वळलं तर त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. म्हातारी उठून पुढं आली आणि फळ्यावरच्या शेवटच्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं. अक्षर येत नसलं तरी बाजारात तिला आकडे ओळखता येत होते.

"हे तीन माज्या सटव्याचं का?"

"हो."

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. तिचा आवाज बाहेर आला नाही, पण खांदे हलत होते.

पोरं उत्तर काढून वही मिटायला लागली की अंजना त्यांना अडवायची. सगळे अज्ञात काढा, मूळ समीकरणात घाला, मगच उठा. वीस वेळा सांगितलेली ती गोष्ट तिनं आता सवयीनंच केली. उरलेल्या दोन ओळी सोडवल्या. मुंजाजीच्याही तीन रेघा आल्या. बंकटच्या आल्या एकवीस.

तिनं पुन्हा केलं. एकवीस.

दहा हजारांच्या टँकरमधून एकवीस हजार लिटर पाणी.

"मावशी, रडू नका," ती म्हणाली. "हे खरं असूच शकत न्हाई. गणित बरोबर हाय. मला कुणीतरी खोटं सांगितलंय."

५

खोटं कुठं असेल? रेघांचे आकडे छबुबाईनं वस्तीसमोर ओरडून सांगितले होते, त्यावर हंडे वाटले गेले होते. सत्तावीसचं तर रोजचंच होतं. लग्नाच्या दिवसाच्या खेपा बायांनी हौदाशी उभं राहून बघितल्या होत्या. उरला मीटिंगचा दिवस.

सटवाची एक खेप कमी धरून बघितली. मग त्या दिवशी तिघांची एक-एक खेप होते, म्हणजे रोजचीच फेरी. तिला रोज सत्तावीस आणि त्याच दिवशी तीस कशा येतील? मुंजाजीची खेप पुसून बघितली. एक ब, दोन स, तीस. पण लग्नाच्या दिवसातून रोजची फेरी वजा केली तर तेच एक ब, दोन स, सत्तावीस येत होतं. समीकरणं एकमेकांना खोटं पाडत होती.

तिसरं पुसायचं राहिलं होतं. ती फळ्यापुढं नुसती उभी राहिली. उन्हाची तिरीप व्हरांड्यात आली, तिच्या पायांवर चढली. शेवटी तिनं बंकटच्या एकच्या जागी शून्य लिहिलं.

सटवा दहा. मुंजाजी दहा. बंकट सात.

सगळ्या ओळींत घालून बघितलं. एकही रेघ इकडची तिकडं होत नव्हती.

म्हणजे रोज तीन रेघा तिचा भाऊ वाटेत सोडत होता, आणि त्या एका दिवशी सबंध टँकर. कुठं, ते शोधायला तिला आता फळा लागणार नव्हता. जिथं पिण्याला पाणी नव्हतं तिथं वहिनीच्या पिशवीत रसरशीत मोसंबी आली होती. तलावाच्या रस्त्यावर एकच बाग हिरवी होती, चेअरमन विठ्ठलरावांची.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सारख्या खेपांचा नियम. एकाची गाडी बिघडली तर तिघंही थांबतात. न्याय वाटावा असाच तो होता. पण खेपा सारख्या ठेवल्या की तिघांत कमी कोण ओततो ते कधीच काढता येत नाही. आणि तो मोडला दोनदाच, दोन्ही वेळा धर्मराज गावात नसताना.

"सटव्याच्या दहा रेघा हायेत," तिनं सारजाबाईला सांगितलं. "पुऱ्या दहा."

"मग कमी कुणाच्या?"

अंजनानं फळा पुसला. "उद्या सभेत सांगते," ती म्हणाली, आणि घराकडं निघताना तिला वाटलं, वाट संपू नये.

६

बंकट गोठ्यातच होता. आई बाजूला बसून मुलीच्या कपाळावर ओली चिंधी ठेवत होती. ती चिंधी भिजवायलाही वाटीभर पाणी राखून ठेवलं होतं. अंजनानं आईला बाहेर पाठवलं नाही.

"दादा, त्या दिवशी तू एकपण खेप विहिरीवर आणली न्हाईस."

त्यानं खुंट्याची दावी हातात घेतली.

"रोज सात रेघा ओतायचास. मोसंबी विठ्ठलरावांच्या बागेतली होती."

आईचा हात थांबला. तिनं आधी लेकीकडं बघितलं, मग लेकाकडं. तो नाही म्हणेल, अंगावर धावून येईल, याची ती वाट बघत होती. तो नाही म्हणाला नाही.

"धर्मराजनं सांगितलं," बंकट म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. "तू मागं राहत जा, गाडी जुनी हाय म्हनून सांग. बागंपशी टँकरचा वाल सोड, तीन रेघांचं पाणी गेलं की बंद कर. मी खेपा अशा लावतो की कुनाच्या बापाला सापडायचं न्हाई. न्हाई म्हणलास तर गाडी काढून घेतो, मग घे कोयता अन् जा ऊस तोडायला बायकोपोरीला घिऊन. पोरीच्या छातीचं दुखनं हाय, अंजे. पाचटाच्या खोपीत ती जगली नसती."

"अन् त्या दिवशी?"

"बीडवरून सकाळीच त्याचा फोन आला. फळं गळायलीत म्हणला, आज समदं पाणी तिकडंच. मोसंबी मीच तोडली, केशर एसटीला निघायच्या आत दिली. केशरनं इचारलं कुठली. म्या म्हणलं, मालकानं दिली. तिला चांगलं वाटलं." त्यानं मुलीकडं बघितलं. "ती उतरली त्या दिशी बी म्या वाल सोडलाता."

वच्छलाबाईनं चिंधी वाटीत टाकली. तिनं आरडाओरडा केला नाही, ऊर बडवला नाही. ती उठली आणि लेकीसमोर उभी राहिली.

"तुला कुणी सांगितलंतं हे उकरायला?"

"आई, तिथं त्यांचा पोरगा मरायला टेकलाय."

"अन् ह्यो? ह्यो कुणाचा हाय?" तिनं बंकटकडं बोट दाखवलं. "सून गेली. आता लेक जाईल. ही पोर कुणाच्या वटीत टाकतीस?"

अंजना भावासमोर खाली बसली. "मी सभेत आकडे मांडीन. पण आकड्यांवर कुणी धर्मराजला धरणार न्हाई. ते तू बोललास तरच."

बंकटनं मुलीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. हे हो आहे की नाही, ते अंजनाला कळेना.

७

सभेला सगळी वस्ती लोटली होती. पहिलीच गोष्ट म्हणून धर्मराजनं सटवाचं नाव घेतलं आणि ठराव वाचायला सुरुवात केली. सारजाबाईला कुणी आत येऊ दिलं नव्हतं. ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

अंजना उठली. तिनं फळा मागितला नाही. लोकांना कळेल तसं बोलली: रोजची फेरी सत्तावीस, लग्नाचा दिवस चोपन्न, मीटिंगचा दिवस तीस. बंकटची एक खेप खरी धरली तर त्याचाच टँकर एकवीस हजारांचा ठरतो. ती नव्हतीच असं धरलं तर सटवाच्या दहा, मुंजाजीच्या दहा आणि माझ्या भावाच्या सात. 'माझ्या भावाच्या' म्हणताना तिला दोनदा सुरुवात करावी लागली. मग तिनं सारख्या खेपांचा नियम सांगितला आणि तो कुणी केला तेही.

पुढं बसलेल्या विठ्ठलरावांनी धर्मराजकडं बघितलंसुद्धा नाही.

धर्मराज शांत होता. "मॅडम हुशार आहेत," तो म्हणाला. "पण गणितानं कोणी चोर ठरत नाही. खेपा सारख्या ठेवल्या हा गुन्हा आहे का? घरात मयत झालीय, माणूस काहीही बोलतं. पाणी सोडताना कोणी बघितलं, तो साक्षीदार आणा."

मागं कुणीतरी म्हणालं, बरोबर हाय. अंजना तशीच उभी राहिली. तिच्याकडं आता सांगायला काही उरलं नव्हतं, आणि खिडकीतली म्हातारी तिच्याकडं बघत होती.

दाराशी गडबड झाली. बंकट आत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो घराबाहेर पडला होता, लोकांनी आपोआप वाट दिली. त्याच्या मागं वच्छलाबाई होती, नातीला कडेवर घेऊन. तिनंच त्याला आणलं की ती नुसती मागं आली, हे अंजनाला पुढंही कधी कळलं नाही.

"म्या बघितलंय," बंकट म्हणाला. "वाल म्याच सोडलाता. ह्येनं सोडायला लावला." त्यानं धर्मराजकडं हात केला, मग विठ्ठलरावांकडं. "अन् ह्येंच्या बागेत सोडला. बागेच्या बांधाला चारी अजून वली असंल. जाऊन बघा."

काही माणसं तिथूनच बागेकडं पळत सुटली. मुंजाजी मात्र जागचा हलला नाही. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. विठ्ठलराव उठले, मला यातलं काही माहीत नाही असं म्हणाले आणि जीपकडं निघाले. बाया दारात उभ्या होत्या. त्यांनी त्यांना वाट दिली नाही. पोलीस येईपर्यंत ते ऑफिसातच उभे राहिले, कारण बसा असंही कुणी म्हणालं नाही.

खिडकीत आता कुणी नव्हतं. सारजाबाई शिरूरच्या वाटेला लागली होती. तिला अंजनाकडं बघायला सवड नव्हती.

सटवा सुटला. त्याचा एक हात पुन्हा नीट वळला नाही. लोकांनी त्याला टँकरवर परत बोलावलं, मुंजाजी स्वतः दोनदा पालावर जाऊन आला, पण तो आला नाही. मेंढरं आणि म्हातारीला घेऊन तो गोदाकाठाला निघून गेला. टँकर तहसीलच्या ताब्यात गेले. बंकट आणि धर्मराज बीडच्या जेलात होते. विठ्ठलरावांना जामीन मिळाला.

अंजनानं क्लासकडून सुट्टी मागून घेतली. आई तिच्याशी बोलत नव्हती. एकाच चुलीपुढं दोघी बसायच्या, एकाच गोधडीवर मुलीला मध्ये घेऊन निजायच्या, पण आई जे काही सांगायचं ते नातीला सांगायची. आत्याला म्हणावं पीठ संपलं. आत्याला म्हणावं दार लाव. मुलगी निरोप पोचवायची. तिला तो खेळ वाटायचा.

सुट्टी संपली. अंजना सकाळच्या एसटीला निघायला पिशवी भरत होती. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, दोघींना लागतील त्यापेक्षा जास्त. एक फडकं पसरून तिनं त्यात भाकरी ठेवल्या, ठेचा ठेवला, वर कांदा ठेवला, गाठ मारली. मग दुसरं फडकं घेतलं.

"हे त्याला," ती म्हणाली. मुलगी अंगणात होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. "आत नेऊ देत नसले तर शिपायाच्या हाता-पाया पड."

दुसऱ्या फडक्याची गाठ तिला पटकन बसेना. अंजना पुढं होऊन हात लावणार तोच तिनं ती स्वतःच आवळली.

"अन् हे तुला," ती म्हणाली. "उपाशी जाऊ नगंस."